रायबोसोम नेमके काय करतो, आणि काय करत नाही

प्रश्न असा आहे: रायबोसोम म्हणजे काय, आणि पेशीत तो प्रथिने कशी बनवतो? 'पेशीतला प्रथिनांचा कारखाना' हे नेहमीचे उत्तर चुकीचे नाही, पण त्यातून यंत्रणा कळत नाही. मी असे सांगेन: रायबोसोम हे मुख्यतः आरएनएचे बनलेले यंत्र आहे आणि त्याची कामे दोनच. एमआरएनएवरची (जनुकाचा संदेश वाहणाऱ्या आरएनएवरची) तीन-तीन अक्षरे वाचायची, आणि त्या वाचनानुसार आलेली अमिनो आम्ले एकापुढे एक जोडायची. रायबोसोमचे दोन भाग, म्हणजे उपएकके: पहिले काम लहान उपएकक करते, दुसरे मोठे. आलेले अमिनो आम्ल बरोबर आहे की नाही, हे मात्र रायबोसोम सहसा तपासत नाही. ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घेतली तर पुढचे बहुतेक सगळे आपोआप जागेवर बसते: चुका कुठे होतात, औषधे कुठे बसतात, प्रयोगशाळेत प्रथिन का तयार होत नाही, हे सगळे.

आधी घडण पाहू. जिवाणूचा रायबोसोम ७०एस, त्यात ३०एस आणि ५०एस ही दोन उपएकके. आपल्या पेशींतला ८०एस, त्यात ४०एस आणि ६०एस. तीस आणि पन्नास मिळून सत्तर कसे, हा विद्यार्थ्यांचा हमखास प्रश्न. 'एस' म्हणजे स्वेडबर्ग, आणि ते वजनाचे एकक नाही. अपकेंद्रित्रात कण किती वेगाने खाली बसतो त्याचे ते माप आहे. वेग वजनाबरोबर आकारावरही ठरतो, म्हणून या आकड्यांची बेरीज जुळत नाही आणि जुळायलाही नको.

ई. कोलाय या जिवाणूच्या ३०एसमध्ये १६एस आरआरएनएचा (रायबोसोमच्या स्वतःच्या आरएनएचा) १,५४२ न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे तेवढ्या अक्षरांचा, एक रेणू आणि २१ प्रथिने असतात. ५०एसमध्ये २३एस (२,९०४ न्यूक्लिओटाइडे), ५एस (१२०) आणि तीसहून थोडी अधिक प्रथिने. सगळे मिळून वजन सुमारे २५ लाख डाल्टन, व्यास वीस-पंचवीस नॅनोमीटर. यातले सुमारे दोन तृतीयांश वजन आरएनएचे. मानवी रायबोसोम याहून बराच मोठा, सुमारे ४३ लाख डाल्टनचा. त्यात चार आरआरएनए (१८एस, २८एस, ५.८एस, ५एस) आणि ८० प्रथिने असतात. वेगाने वाढणाऱ्या जिवाणूत हे कण हजारोंच्या संख्येने, अगदी सत्तर हजारांपर्यंत, तर सस्तन प्राण्याच्या पेशीत काही दशलक्ष असतात. पेशीतून काढलेला एकूण आरएनए जेलवर (रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) चालवला की २८एस आणि १८एसचे दोनच ठळक पट्टे दिसतात, कारण पेशीतल्या आरएनएपैकी सुमारे ८० टक्के आरआरएनएच असतो. वरचा पट्टा खालच्याच्या साधारण दुप्पट गडद असेल तर नमुना शाबूत. दोन्ही पट्टे फिके आणि खाली पसरट धूसर डाग असेल तर आरएनए तुटला आहे, आणि त्या नमुन्यावर पुढचा प्रयोग करू नये.

जॉर्ज पॅलाडी यांनी १९५५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे कण नीट वर्णन केले. पुढची बरीच वर्षे समज असा होता की काम प्रथिने करतात आणि आरएनए हा नुसता सांगाडा. उलगडत गेले ते उलटेच. १९९२ मध्ये हॅरी नोलर यांच्या गटाने मोठ्या उपएककातली बहुतेक प्रथिने काढून टाकली, तरी पेप्टाइड बंध (दोन अमिनो आम्लांमधला बंध) जोडण्याची क्षमता टिकून राहिली. २००० साली मोठ्या उपएककाची अणुपातळीवरची रचना हाती आली, तेव्हा जोडणी होते त्या जागेपासून १.८ नॅनोमीटरच्या आत एकही प्रथिन नाही, सगळा आरएनएच आहे, हे दिसले. म्हणजे रायबोसोम हा रायबोझाइम आहे, उत्प्रेरक आरएनए. वेंकटरमण रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अॅडा योनाथ यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या रचनांच्या कामासाठी मिळाले.

अर्थ ठरतो तो रायबोसोमच्या बाहेर

रायबोसोमकडे काम येण्याआधीच निम्मी अचूकता ठरून गेलेली असते. डीएनएवरून एमआरएनए तयार होतो. त्यावर ए, यू, जी, सी ही चार अक्षरे, तीन अक्षरांचा एक कोडॉन, म्हणजे ६४ कोडॉन. त्यातले ६१ अमिनो आम्लांचे आणि तीन थांबण्याचे: यूएए, यूएजी, यूजीए. एयूजी हा सुरुवातीचा कोडॉन, आणि तोच मेथिओनिनचाही.

कोडॉन आणि अमिनो आम्ल यांच्यात थेट रासायनिक ओळख नसते. मध्ये टीआरएनए असतो, साधारण ७६ न्यूक्लिओटाइडांचा, घडी घालून इंग्रजी 'एल'च्या आकारात बसलेला. त्याच्या एका टोकाला कोडॉनशी जुळणारा प्रतिकोडॉन आणि सुमारे ७.५ नॅनोमीटरवरच्या दुसऱ्या टोकाला, सीसीए या तीन अक्षरांवर, अमिनो आम्ल. या टोकावर योग्य अमिनो आम्ल चढवण्याचे काम अमिनोअसिल-टीआरएनए सिंथेटेज ही एन्झाइमे करतात, साधारणपणे प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक.

खरे भाषांतर इथे होते. आयसोल्युसिन आणि व्हॅलिन यांत एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनांचाच फरक. आयसोल्युसिनचे सिंथेटेज मोठ्या रेणूंना आकारावरूनच बाहेर ठेवते, पण लहान व्हॅलिन कधीमधी आत शिरते. म्हणून त्याच एन्झाइमात दुसरा एक कप्पा असतो. त्यात व्हॅलिन बसते, आयसोल्युसिन बसत नाही, आणि बसलेले व्हॅलिन तिथे कापून टाकले जाते. म्हणजे दोन चाळण्या, एकीत मोठे वगळले जाते, दुसरीत लहान.

रायबोसोम अमिनो आम्ल पाहत नाही, हे १९६२ मध्ये एका सुरेख प्रयोगाने सिद्ध झाले. सिस्टीनच्या टीआरएनएवर सिस्टीन चढवून झाल्यावर, रॅने निकेल वापरून त्यातले गंधक काढून टाकले. टीआरएनए तोच राहिला, पण त्यावरचे सिस्टीन ॲलानिन झाले. हे मिश्रण प्रथिन बनवणाऱ्या प्रणालीत घातले, तेव्हा जिथे सिस्टीन यायला हवे तिथे ॲलानिन बसले. डब्यावरचे लेबल वाचून माल घ्यावा आणि डबा उघडून पाहूच नये, तसा हा व्यवहार आहे. म्हणून सिंथेटेजची चूक पुढे क्वचितच दुरुस्त होते.

सुरुवात: चौकट कुठे लावायची

एमआरएनएवर विरामचिन्हे नसतात. एका अक्षराने पुढेमागे सुरुवात झाली तर पुढचे सगळे कोडॉन बदलतात, आणि ६४ पैकी तीन थांबण्याचे असल्याने भलत्या चौकटीत सरासरी वीस-एकवीस कोडॉनांतच वाचन थांबते. त्यामुळे सुरुवातीचा एयूजी अचूक सापडणे सर्वांत महत्त्वाचे.

जिवाणूत एयूजीच्या थोडे आधी, पाच ते नऊ अक्षरांच्या अंतरावर, एजीजीएजीजी किंवा तसाच एक क्रम असतो. जॉन शाइन आणि लिन डॅल्गार्नो यांच्या नावाने तो ओळखला जातो. १६एस आरआरएनएच्या शेवटी असलेला पूरक क्रम त्याच्याशी जोडी जमवतो आणि एयूजी आपोआप योग्य जागी, म्हणजे पी स्थानात (टीआरएनए बसण्याच्या तीन जागांपैकी मधल्या जागी), येतो. आयएफ-१, आयएफ-२ आणि आयएफ-३ हे तीन आरंभघटक यात मदत करतात. आयएफ-३ मोठ्या उपएककाला घाईने येऊ देत नाही. आयएफ-२ फॉर्मिल-मेथिओनिन असलेला खास टीआरएनए आणतो. जुळणी पक्की झाली की जीटीपी हा ऊर्जा देणारा रेणू तुटतो, घटक निघून जातात आणि ५०एस वर बसते.

आपल्या पेशींत पद्धत वेगळी. ४०एस उपएकक मेथिओनिनचा टीआरएनए आधीच घेऊन एमआरएनएच्या पाच-प्राइम, म्हणजे सुरुवातीच्या, टोकावरच्या 'टोपी' या रासायनिक खुणेपाशी उतरते आणि तिथून सरकत सरकत पहिला योग्य एयूजी शोधते. योग्य म्हणजे आजूबाजूची अक्षरे बरी असलेला: एयूजीच्या तीन अक्षरे आधी ए किंवा जी, आणि एयूजीला लागून लगेच पुढे जी. हा कोझॅक संदर्भ. तो कमकुवत असेल तर काही उपएकके त्या एयूजीला ओलांडून पुढचा धरतात, आणि एकाच एमआरएनएपासून दोन लांबींची प्रथिने मिळतात. जिवाणूचा जनुक तसाच उचलून मानवी पेशीत टाकला की काम होत नाही, याचे एक कारण हेच. शाइन-डॅल्गार्नो क्रमाचा तिथे काही उपयोग नाही आणि टोपी मात्र लागते.

एक कोडॉन जवळून

रायबोसोममध्ये टीआरएनएसाठी तीन स्थाने आहेत: ए (नवा येतो), पी (वाढती साखळी धरलेला असतो) आणि ई (रिकामा बाहेर पडतो). समजा ए स्थानात यूयूसी हा फेनिलॲलानिनचा कोडॉन उघडा आहे.

टीआरएनए एकटा येत नाही. ईएफ-टीयू हे प्रथिन आणि जीटीपी यांच्यासोबत येतो. पेशीत चाळीसच्या आसपास प्रकारचे टीआरएनए फिरत असतात, त्यामुळे बहुतेक वेळा चुकीचाच आधी येऊन धडकतो आणि निघून जातो. खरी परीक्षा जवळपास जुळणाऱ्यांची असते. ल्युसिनचा एक टीआरएनए यूयूसीशी तीनपैकी दोन जागी नीट जुळतो, पहिल्या जागी मात्र यू आणि जी अशी विजोड जोडी पडते. नुसत्या हायड्रोजन बंधांच्या ताकदीवर बरोबर आणि चूक यांतला हा फरक पुरेसा मोठा होत नाही. मग रायबोसोम मोजतो काय? आकार. १६एस आरआरएनएमधली ए१४९२ आणि ए१४९३ ही दोन ॲडेनिने आपल्या खाचेतून बाहेर उलटतात आणि जी५३० सोबत कोडॉन-प्रतिकोडॉनच्या जोडीच्या अरुंद खोबणीत टेकतात. पहिल्या दोन जोड्या वॉटसन-क्रिक भूमितीच्या (ए-यू किंवा जी-सी अशा नेहमीच्या) असतील तरच ती नीट बसतात. तिसऱ्या जागेवर पहारा सैल आहे. म्हणूनच एकच टीआरएनए यूयूयू आणि यूयूसी दोन्ही वाचू शकतो. क्रिक यांनी १९६६ मध्ये मांडलेली 'वॉबल'ची (डगमगत्या जोडीची) कल्पना या सैलपणातून समजते.

जोडी पटली की लहान उपएकक किंचित मिटते, तो इशारा ईएफ-टीयूपर्यंत पोचतो आणि जीटीपी तुटतो. ईएफ-टीयू गळून पडतो. आता टीआरएनएचे अमिनो आम्लाचे टोक मोठ्या उपएककात वळून बसायचे असते, आणि इथे दुसरी संधी असते: जुळणी कच्ची असेल तर टीआरएनए वळण्याआधीच निसटतो. जीटीपी तुटण्यापूर्वी एक चाळणी आणि तुटल्यानंतर दुसरी. दोन टप्प्यांच्या मध्ये ऊर्जा खर्च होते म्हणून परत मागे जाता येत नाही आणि दोन्ही चाळण्यांच्या अचूकतेचा गुणाकार होतो. जॉन हॉपफिल्ड (१९७४) आणि जाक निनिओ (१९७५) यांनी स्वतंत्रपणे मांडलेली ही 'कायनेटिक प्रूफरीडिंग'ची कल्पना मला रायबोसोमच्या अभ्यासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. जीटीपी बंध जोडायला लागतो असे बरेच जण लिहितात, ते चूक आहे. तो अचूकता आणि दिशा यांसाठी मोजलेला दाम आहे.

जोडणीची ऊर्जा टीआरएनएवर अमिनो आम्ल चढवतानाच साठवलेली असते. ए स्थानातल्या अमिनो आम्लाचा अमिनो गट पी स्थानातल्या एस्टर बंधावर (साखळीला टीआरएनएशी जोडणाऱ्या बंधावर) चाल करतो, आणि अख्खी साखळी पी वरून ए वरच्या टीआरएनएवर जाते. दिशा नीट पाहा. नवे अमिनो आम्ल साखळीला चिकटत नाही, साखळी नव्या अमिनो आम्लावर सरकते. २३एस आरआरएनए इथे दोन्ही टोके अचूक कोनात धरतो आणि पाणी दूर ठेवतो. एवढ्याने अभिक्रियेचा वेग कोटीच्या पटीत वाढतो.

मग स्थलांतर. जोडणी होताच टीआरएनएंची वरची टोके आपणहून पुढच्या स्थानांत झुकतात, खालची प्रतिकोडॉनची टोके मात्र जुन्याच जागी राहतात. लहान उपएकक मोठ्याच्या तुलनेत काही अंशांनी फिरते. ईएफ-जी हे दुसरे प्रथिन जीटीपी घेऊन ए स्थानात शिरते आणि लहान उपएकक परत फिरताना टीआरएनए व एमआरएनए नेमके तीन अक्षरे पुढे जातात. ईएफ-जीचा आकार टीआरएनए धरलेल्या ईएफ-टीयूशी विलक्षण मिळताजुळता आहे. एकाच खाचेत आळीपाळीने बसणारे दोन घटक एकाच साच्यातले असावेत, हे तर्काला धरूनच आहे.

तीनऐवजी दोन किंवा चार अक्षरे सरकली तर चौकट घसरते. हे क्वचितच होते. काही विषाणू मात्र ते मुद्दाम घडवतात. एचआयव्हीच्या एमआरएनएवर सलग सहा यू आणि एक ए असा निसरडा क्रम आणि पुढे आरएनएची घट्ट गाठ असते. तिथे सुमारे पाच टक्के रायबोसोम एक अक्षर मागे घसरतात, आणि विषाणूला लागणारी एन्झाइमे त्याच प्रमाणात तयार होतात.

वेग, चुका, खर्च

जिवाणूचा रायबोसोम सेकंदाला पंधरा-वीस अमिनो आम्ले जोडतो, आपला पाच-सहा. म्हणजे ३०० अमिनो आम्लांचे प्रथिन जिवाणूत पंधरा-वीस सेकंदांत आणि आपल्या पेशीत मिनिटभरात. स्नायूंतले टायटिन हे सुमारे ३४-३५ हजार अमिनो आम्लांचे प्रथिन, त्याच्या एका रेणूला दीड-दोन तास लागतात. एका एमआरएनएवर एकामागोमाग अनेक रायबोसोम चालत असतात, त्यांच्या माळेला पॉलिसोम म्हणतात.

चूक साधारण हजारात एक ते दहा हजारात एक. दहा हजारात एक धरली तर ३०० अमिनो आम्लांची ९७ टक्के प्रथिने निर्दोष निघतात. हजारात एक धरली तर ७४ टक्के. शंभरात एक असती तर फक्त पाच टक्के. मग याहून अचूकता का नाही? कारण दरेक तपासणीला वेळ लागतो. अति काटेकोर वाचणारे रायबोसोम असलेले जिवाणू हळू वाढतात.

खर्च एका बंधामागे किमान चार उच्च-ऊर्जा फॉस्फेट बंध: दोन अमिनो आम्ल चढवताना (एटीपीचा एएमपी होतो म्हणून दोन), एक ईएफ-टीयूसाठी, एक ईएफ-जीसाठी. ३०० अमिनो आम्लांना बाराशेच्या आसपास. वाढत्या पेशीच्या ऊर्जेचा मोठा वाटा इथेच जातो, आणि उपासमार झाली की पेशी सर्वांत आधी नवे रायबोसोम बनवणे का थांबवते तेही यावरून कळते.

शेवट, अडकणे, सुटका

थांबण्याच्या कोडॉनला जुळणारा टीआरएनए सामान्यतः नसतो. तिथे प्रथिनाचाच बनलेला मुक्तिघटक बसतो. जिवाणूत आरएफ-१ यूएए आणि यूएजी ओळखतो, आरएफ-२ यूएए आणि यूजीए. आपल्याकडे ईआरएफ-१ एकटा तिन्ही ओळखतो. त्यांच्या टोकाला ग्लायसिन-ग्लायसिन-ग्लूटामिन असा तीन अमिनो आम्लांचा क्रम असतो. तो जोडणीच्या जागी पाण्याचा रेणू नेमका बसवतो आणि साखळी सुटते. नंतर दोन्ही उपएकके वेगळी करण्यासाठीही घटक लागतात. हे आपोआप होत नाही.

एमआरएनए मध्येच तुटलेला असेल आणि थांबण्याचा कोडॉनच नसेल, तर रायबोसोम टोकाशी अडकतो. जिवाणूत अशा वेळी टीएमआरएनए येतो. तो अर्धा टीआरएनए, अर्धा एमआरएनए. तो आधी टीआरएनएसारखा ए स्थानात बसतो, मग वाचन स्वतःवर वळवून घेतो, अर्धवट साखळीच्या शेवटी ११ अमिनो आम्लांची शेपटी लावतो आणि रायबोसोम मोकळा करतो. ती शेपटी म्हणजे 'हे नष्ट करा' असा शिक्का. आपल्या पेशींत मागून येणारा रायबोसोम अडकलेल्यावर आदळतो आणि ती टक्कर हाच धोक्याचा इशारा ठरतो. एमआरएनए आणि अर्धवट साखळी दोन्ही तोडली जातात.

नवी साखळी मोठ्या उपएककातल्या आठ ते दहा नॅनोमीटर लांबीच्या बोगद्यातून बाहेर पडते. त्यात तीस-चाळीस अमिनो आम्ले मावतात. बोगदा इतका अरुंद की आत फार तर एखादा हेलिक्स वळतो, पूर्ण घडी नाही. बाहेर येताच चॅपेरोन, म्हणजे घडी पडायला मदत करणारी प्रथिने, तिला सांभाळतात. साखळीच्या सुरुवातीला पाण्याला टाळणारा, पंधरा ते तीस अमिनो आम्लांचा संकेत असेल तर एसआरपी हा कण त्याला पकडतो आणि अख्खा रायबोसोम आंतर्द्रव्यजालिकेवर नेऊन बसवतो. 'मुक्त रायबोसोम' आणि 'जालिकेवरचे रायबोसोम' हे दोन प्रकार नाहीत. उपएकके तीच. आत्ता कोणते प्रथिन बनते आहे त्यावर जागा ठरते.

औषधे आणि विषे

आपल्या आणि जिवाणूंच्या रायबोसोममधला फरक कधी कधी एका अक्षराचा असतो, आणि त्या एका अक्षरावर औषध चालते. टेट्रासायक्लिन ३०एसच्या ए स्थानाजवळ बसून टीआरएनएला येऊ देत नाही. जेंटामायसिनसारखी अमिनोग्लायकोसाइडे वर सांगितलेल्या दोन ॲडेनिनांना बाहेर उलटलेल्या अवस्थेतच धरून ठेवतात. मग चुकीची जोडीही बरोबर वाटते आणि बिघडलेली प्रथिने पेशीपटलाचे नुकसान करतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि लिनेझोलिड जोडणीच्या जागी बसतात. एरिथ्रोमायसिन व अझिथ्रोमायसिन बोगद्याच्या तोंडाशी बसतात. त्यांच्यासाठी २३एसमधले ए२०५८ हे ॲडेनिन हवे. आपल्या पेशीद्रवातल्या रायबोसोममध्ये तिथे जी आहे, म्हणून औषध आपल्याला सोडते. प्रतिरोधक जिवाणू त्याच ॲडेनिनवर एक-दोन मिथाइल गट चढवतात, आणि औषध बसेनासे होते.

तंतुकणिकांचे रायबोसोम मात्र जिवाणूंच्या वंशातले. मानवात ते फक्त १३ प्रथिने बनवतात, पण ती श्वसनसाखळीची आहेत. लिनेझोलिड किंवा क्लोरॅम्फेनिकॉलने अस्थिमज्जा दबते त्यामागे तंतुकणिकांतला हाच अडथळा आहे. तंतुकणिकेच्या १२एस आरआरएनएमध्ये १५५५ व्या जागी ए ऐवजी जी असणाऱ्या व्यक्तींचा तो भाग जिवाणूसारखा दिसू लागतो. अशांना अमिनोग्लायकोसाइडच्या नेहमीच्या मात्रेनेही कायमचे बहिरेपण येऊ शकते. आईकडच्या नात्यात औषधानंतर बहिरेपण आल्याचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

एरंडाच्या बियांतले रायसिन २८एस आरआरएनएमधले एकच ॲडेनिन कापते. तेवढ्याने रायबोसोम कायमचा निकामी होतो, आणि रायसिनचा एक रेणू मिनिटाला हजारांवर रायबोसोम बाद करतो. घटसर्पाचे विष रायबोसोमला हात लावत नाही. ते ईएफ-जीचे आपल्याकडचे रूप असलेला ईईएफ-२ बंद पाडते.

रायबोसोमची स्वतःची घडण बिघडली तरी आजार होतात. केंद्रिकीत १८एस, ५.८एस आणि २८एस एकाच लांब आरएनएतून कापून काढले जातात, ५एस वेगळा येतो, दोनशेहून अधिक साहाय्यक प्रथिने जुळणी करतात आणि दोन्ही उपएकके स्वतंत्रपणे केंद्रकाबाहेर जातात. आरपीएस१९ सारख्या एका रायबोसोमी प्रथिनाच्या दोनपैकी एका जनुकप्रतीत बिघाड असला, की डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमिया होऊ शकतो. रक्तपेशींच्या पूर्वजांना थोड्या काळात प्रचंड हिमोग्लोबिन बनवायचे असते. रायबोसोमची टंचाई तिथे आधी जाणवते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी

रायबोसोम हाताळताना पहिले लक्ष मॅग्नेशियमवर. सुमारे १० मिलिमोलरला ७०एस एकत्र राहतो, १ मिलिमोलरपर्यंत खाली आणला की ३०एस आणि ५०एस सुटतात. मॅग्नेशियम धरून ठेवणारे ईडीटीए चुकून जास्त पडले तरी तेच होते, आणि मग ग्रेडियंटमध्ये (खाली दाट होत जाणाऱ्या साखरेच्या द्रावणात) पॉलिसोम दिसत नाहीत म्हणून पेशींना दोष दिला जातो. उलट, मॅग्नेशियम फार वाढवले तर चुकीचे वाचन वाढते आणि एयूजीशिवायही सुरुवात होते. १९६१ मध्ये नीरेनबर्ग आणि मथाई यांनी नुसत्या यू अक्षरांच्या आरएनएपासून फेनिलॲलानिनची साखळी मिळवली, ती जमण्यात मॅग्नेशियमच्या चढ्या प्रमाणाचा वाटा होता.

पॉलिसोम पाहायचे तर पेशी फोडण्याआधी सायक्लोहेक्झिमाइड (नेहमीची मात्रा प्रति मिलिलिटर १०० मायक्रोग्रॅम) देऊन रायबोसोम जागीच थांबवतात, सगळे बर्फावर ठेवतात आणि १० ते ५० टक्के सुक्रोज ग्रेडियंटवर चालवतात. पॉलिसोम कमी आणि ८०एसचे शिखर उंच असेल तर सुरुवात अडली आहे. पॉलिसोम भरपूर पण प्रथिन कमी असेल तर पुढची वाटचाल रखडली आहे. दोन्ही कमी आणि वरचा भाग गढूळ असेल तर बहुधा आरनेझ या आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमाने आरएनए खाल्ला आहे. रायबोसोमने झाकलेला एमआरएनएचा तुकडा २८ ते ३० अक्षरांचा असतो. २००९ पासून वापरात आलेले रायबोसोम प्रोफाइलिंग हेच तुकडे वाचते. त्यासाठी सायक्लोहेक्झिमाइड वापरताना जपावे, कारण औषध दिल्यावरही रायबोसोम थोडे सरकतात आणि जनुकाच्या सुरुवातीला खोटी गर्दी दिसते.

ई. कोलायमध्ये जनुक घातला आणि प्रथिन येत नाही, तेव्हा मी हा क्रम सुचवेन. आधी वाचनचौकट: टॅग (प्रथिन ओळखायला जोडलेला छोटा तुकडा) आणि जनुक यांच्या सांध्यावर अक्षरे तीनच्या पटीत आहेत ना. मग शाइन-डॅल्गार्नो आणि एयूजी यांतले अंतर. मग एयूजीच्या आसपासची तीस-चाळीस अक्षरे: तिथे आरएनएची घट्ट घडी असेल तर ३०एसला उतरायला जागाच मिळत नाही. पहिल्या दहा-बारा कोडॉनांत जी-सी कमी केले की पुष्कळदा काम होते, आणि तेही अमिनो आम्ले न बदलता. त्यानंतर दुर्मीळ कोडॉन: आर्जिनिनचे एजीए आणि एजीजी, आयसोल्युसिनचा एयूए, ल्युसिनचा सीयूए. एकटा-दुकटा चालतो, सलग दोन-तीन आले की रायबोसोम थांबतो, चौकट घसरते किंवा साखळी अर्धवट सुटते. अशा वेळी जादा टीआरएनए पुरवणारा वाण वापरावा किंवा जनुक नव्या कोडॉनांत लिहून घ्यावा. सलग तीन-चार प्रोलिन असतील तर कोडॉन बदलून फारसा फरक पडत नाही. प्रोलिनची जोडणीच रसायनदृष्ट्या संथ आहे, आणि पेशीतला ईएफ-पी हा घटक तिथे मदतीला धावतो, पण अति-उत्पादनात तो पुरा पडत नाही. वाढीचे तापमान ३७ वरून १८-२० अंशांवर आणणे हा उपाय वेगळ्या अडचणीवर आहे. प्रथिन तयार होते पण नीट घडी न पडता गोळा होऊन बसते, तेव्हा तो करावा. म्हणून आधी जेलवर पूर्ण पेशींचा आणि द्रवात उतरलेल्या भागाचा नमुना शेजारी शेजारी चालवावा. पट्टा पूर्ण पेशीत असेल आणि द्रवात नसेल, तर रायबोसोमने त्याचे काम केले आहे, आणि दुरुस्ती घडीच्या बाजूने करायची आहे.